नापास मुलं कुठे बसतात

"मी आजारी आहे," मुलगी म्हणाली आणि तिने वही बाईंच्या मांडीवर आपटली.

"आहेस ना," बाई म्हणाल्या. "गणित आजारी नाही."

"सात आठे चोपन्न. दोनचाच तर फरक पडला!"

"म्हणजे चूकच पडली. पुन्हा मांड."

पलीकडच्या खाटेवर पायाला वजन बांधून पडलेला मुलगा खिदळला. "वकीलबाई हरल्या, वकीलबाई हरल्या!"

"तू आधी तुझा पाय खाली उतरव, मग बोल," मुलगी त्याच्याकडे न बघताच म्हणाली. तिने वही ओढून घेतली, तिच्यात डोकं खुपसलं आणि सातचा पाढा पहिल्यापासून पुटपुटायला सुरुवात केली. मध्येच अडखळली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा अडखळली. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मुलगी चौथ्या वर्गात असताना पाढ्यांच्या स्पर्धेत पहिली आली होती, हे त्यांना तिच्या वडिलांनी सांगितलं होतं. तरी त्यांनी मदत केली नाही.

मुलांच्या वॉर्डाच्या टोकाला एक लांबट खोली होती. पूर्वी तिथे चादरी आणि उशांचे अभ्रे ठेवत. फळ्या अजून भिंतीवर होत्या, त्यांवर आता पुस्तकं होती. या खोलीला सगळे शाळा म्हणत. जी मुलं चालू शकत ती सलाइनचा दांडा ढकलत इथे येत. जी येऊ शकत नसत त्यांच्या खाटेवर शाळा जाई. बाई इथे आल्या त्या एका शिक्षिकेच्या बाळंतपणाच्या रजेपुरत्या. ती शिक्षिका परत आली नाही आणि बाईंना कुणी जा म्हणालं नाही. आता त्यांच्या हाताखालून गेलेली काही मुलं आपल्या मुलांचं बोट धरून भेटायला येत. नातेवाइकांत मात्र बाईंची ओळख 'ती बघा, हॉस्पिटलात शिकवते ती' एवढीच होती. धाकट्या बहिणीच्या घरातली मागची खोली त्यांची. संध्याकाळी तिथे जायचं, वह्या तपासायच्या, सकाळी परत यायचं. आयुष्य असं सरळ रेघेत गेलं होतं, आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

वॉर्डात येणारा प्रत्येक मोठा माणूस मुलांना 'छान' म्हणायचा. फुगे घेऊन येणारी मंडळी तर पावलागणिक छान म्हणत. मुलाने हत्ती काढला तरी छान, हत्तीची सोंड मागच्या बाजूला काढली तरी छान. बाई म्हणत, "सोंड पुढे असते. खोड आणि काढ." एकदा एक नवी सिस्टर न राहवून म्हणाली होती, "बाई, बिचाऱ्याला जरा सांभाळून घ्या की."

"बिचारा कोण? सोमवारी शाळेत जायचंय त्याला."

हा सोमवार नेमका कुठला, ते बाई कधी सांगत नसत. पण ज्याच्या वहीत बाईंची लाल फुली पडे, त्या मुलाला कळे की आपल्याकडून कुणीतरी अजून काहीतरी मागतंय. फुलीवरून मुलं भांडत, रुसत, वह्या आपटत. आणि दुसऱ्या दिवशी बाईंची वाट बघत.

मुलीचं सगळं एका साध्या तापाने सुरू झालं होतं. ताप गेला, शाळा सुरू झाली, आणि आठवड्याभरात ती शाळेच्या जिन्यावरून घसरत खाली आली. ती पहिली फिट. मग फिटा येतच राहिल्या. कधी अंग ताठ होऊन थरथरायचं, कधी बोलता बोलता नजर थांबायची आणि बोटं फ्रॉकचं बटण चाचपत राहायची. एका गोळीने भागेना म्हणून दुसरी आली, दुसरीने भागेना म्हणून तिसरी. शेवटी ती या मोठ्या हॉस्पिटलात आली. पाठीतून पाणी काढून तपासलं, मेंदूचे फोटो काढले, आणि डॉक्टर तिच्या वडिलांना बाहेर बोलावून काहीतरी सांगायला निघाली.

"बाहेर नाही," मुलगी म्हणाली होती. "डोकं माझं आहे. इथे सांगा."

डॉक्टर तरुण होती. तिने बाईंकडे बघितलं. बाईंनी खडू पुढे केला. "सांगा की. वर्ग चालूच आहे."

मग डॉक्टरने फळ्यावर एक गुडघा काढला. तो बटाट्यासारखा दिसत होता आणि मुलीने तसं सांगितलंही.

"असू दे बटाटा. हा आपटला तर काय होतं?"

"लाल होतो. सुजतो. हात लावला की गरम लागतो."

"ही सूज आपलंच शरीर आणतं. लागलं तिथे शरीराचे राखणदार धावत येतात. त्यांची गर्दी म्हणजे सूज. काम झालं की ते घरी जातात."

"आणि माझे गेले नाहीत."

"बरोबर. तुला ताप आला तेव्हा ते उठले. ताप गेला तरी ते गेले नाहीत. मेंदूत मुक्काम ठोकला. आणि शत्रू सापडेना तेव्हा घरातल्याच माणसांना धरायला लागले. मेंदूचं सगळं काम बारीक बारीक विजेच्या निरोपांवर चालतं. सूज असली की निरोप बिघडतात. एक ओरडला की शेजारचे सगळे एकदम ओरडायला लागतात. ती फिट."

मुलीने विचार केला. "मग आधी सूज की आधी फिट?"

डॉक्टरने बोटांवरचा खडू झटकला. "चांगलं विचारलंस. सुजेमुळे फिट येते, आणि फिट आली की सूज आणखी वाढते. दोघी एकमेकींना चिथावतात."

"म्हणजे आमच्या आत्या आणि आजी," मुलगी म्हणाली. तिचे वडील इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

"सगळ्या मुलांच्या फिटांमागे सूज असते असं नाही हं," डॉक्टर म्हणाली. "खूप जणांत कारण वेगळं असतं. तुझ्यात आम्हाला ती दिसली. म्हणून फिटच्या गोळ्यांच्या जोडीला आता सूज उतरवायचं औषध द्यायचं. त्या राखणदारांना घरी पाठवायला."

तेव्हा बाईंनी एकच प्रश्न विचारला होता. "सुजलेल्या जागी जे शिकलेलं होतं, त्याचं काय?"

डॉक्टरने खडू खाली ठेवला. "काही परत येईल. काही पुन्हा शिकावं लागेल. किती, ते मला आज सांगता येणार नाही."

"पुन्हा शिकायला आपली खोली आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फळा पुसला.

औषध लागू पडलं. रोज येणाऱ्या फिटा आता क्वचित येऊ लागल्या. पण मुलीचा चेहरा चंद्रासारखा गोल झाला, भूक आवरेना आणि राग तर नाकाच्या शेंड्यावरच राहायला आला. आरशात बघून ती म्हणाली, "डोक्यातली सूज उतरवली आणि गालांवर आणून ठेवली. हे काय उतरवणं झालं?" वर्गातल्या दोन मैत्रिणी भेटायला आल्या तेव्हा त्या आधी दुसऱ्याच खाटेपाशी गेल्या. त्यांनी तिला ओळखलं नव्हतं. तिने मोठ्याने हाक मारली, "इकडे या गं, आंधळ्यांनो!" खूप गप्पा मारल्या. सहावीत गेल्यावर वरच्या मजल्यावर, खिडकीपाशी, तिघींनी एकत्र बसायचं ठरवलं. त्या गेल्यावर तिने भिंतीकडे तोंड केलं आणि जेवायला उठली नाही.

तिचे वडील लिफ्ट दुरुस्त करत. दुपारच्या सुट्टीत ते यायचे, नखांत काळं वंगण, खिशाला स्क्रूड्रायव्हर. आई घरी तान्ह्या बाळापाशी होती. डॉक्टरने आता घरी जायला हरकत नाही असं सांगितलं, त्याच दिवशी ते मुलीच्या शाळेत जाऊन आले. आल्यावर मुलीला दिसणार नाही असे दाराआड उभे राहिले आणि त्यांनी बाईंना खूण केली.

"मुख्याध्यापक सर म्हणतात, पाचवीची परीक्षा इथेच द्या. पेपर ते पाठवतील, तपासायचा तुम्ही. पास झाली तर सहावीत बसवतो म्हणाले."

"आणि नाही झाली तर?"

वडील जमिनीकडे बघत राहिले. "म्हणाले, मग वर्षभर घरीच ठेवा. अशा मुलीला शाळेची दगदग नको. जिन्यावर पडली त्या दिवशी मुलं फार घाबरली होती म्हणे. काही पालक बोलले." ते घुटमळले. "बाई, तिला घरी बसवली ना, तर ती पुन्हा उठायची नाही. तुम्ही बघताय तिला. तिला भांडायला तरी माणसं पाहिजेत."

"तर मग अभ्यास करू या."

"अभ्यास तर करेलच ती. पण समजा, थोडक्यात गेली… तर तुमच्या हातात आहे. दोन-चार मार्क इकडे तिकडे. कोण बघतंय?"

बाईंनी त्यांच्या खिशातल्या स्क्रूड्रायव्हरकडे बघितलं. "तुमची लिफ्ट मजल्यापेक्षा बोटभर खाली थांबली तर चालते का हो?"

"चालते की. लोक चढतात-उतरतात."

"आणि अडखळून पडतं कोण?"

वडिलांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर चाचपला. मग म्हणाले, "लहान मुलं. आणि म्हातारी माणसं." आणि मान खाली घालून जिन्याकडे गेले. लिफ्ट असलेल्या इमारतीतही ते जिन्यानेच उतरत.

परीक्षा चादरींच्या खोलीत झाली. भाषेच्या पेपरात मुलीने निबंधाला पुरवणी मागितली. गणिताच्या पेपरात मात्र रबराने कागद विरायला आला. मध्येच तिने पेन्सिल ठेवून दोन्ही हातांनी डोकं दाबून धरलं, जसं काही आत लपलेलं बाहेर पिळून काढायचं आहे. बाई समोर बसून होत्या. "पाणी देऊ?" एवढंच त्या म्हणाल्या. मुलीने मान हलवली आणि पुन्हा लिहू लागली.

संध्याकाळी बाई पेपर घेऊन बहिणीच्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या. बहीण भाजी निवडत होती. भाषा उत्तम. बाकीचे विषय ठीक. गणितात मुलगी थोडक्यात अडत होती. बाईंनी सगळी बेरीज पुन्हा केली. तरी अडतच होती.

एका गणितात बागेतल्या झाडांच्या ओळी होत्या. बारा ओळी, प्रत्येकीत नऊ झाडं. मुलीने रीत बरोबर मांडली होती, खाली उत्तर लिहिलं होतं अठ्ठ्याण्णव. ते खोडून एकशे आठ केलं होतं. आणि तेही खोडून पुन्हा अठ्ठ्याण्णव.

बाईंची लाल पेन्सिल त्या आकड्यावर बराच वेळ थांबली. मग त्यांनी तिथे बरोबरची खूण केली. हात चुकून गेला नाही, त्यांनी तो नेला. आणखी एका ठिकाणी तसंच केलं. बेरीज जमली.

"काय गं, आज कुणाशी भांडण नाही?" बहिणीने विचारलं. एरवी वह्या तपासताना बाई एकट्याच मोठ्याने बोलत.

"आज नाही," बाई म्हणाल्या.

सकाळी त्यांनी पेपर मुलीच्या हातात दिला. "पास."

मुलगी खाटेवर उभीच राहिली. पाय टांगलेल्या मुलाने टाळ्या वाजवल्या, सिस्टरने लांबूनच हात उंचावला, वॉर्डातल्या मावशी झाडू टेकवून "अगो बाई, खरंच?" म्हणाल्या. मुलगी पान उलटत होती, मार्क मोजत होती, ओठ हलत होते. आणि मग ती मोजायची थांबली.

"बाई, हे बरोबर कसं?"

"कुठलं?"

"झाडांचं. बारा नवे एकशे आठ. मला रात्री झोपताना आठवलं. मी चुकीचं लिहून आले होते. तुम्ही बरोबर दिलंय."

बाईंनी चष्मा पुसायला घेतला. "रीत बरोबर आहे तुझी."

"रीत बरोबर असली तर तुम्ही अर्धे पण देत नाही. म्हणता, रीत खाऊन पोट भरत नाही." तिचा आवाज बारीक होत गेला. "तुम्ही त्या खिडकीजवळच्या छोटीला असं द्यायचात."

खिडकीजवळची खाट आता रिकामी होती. तिथली छोटी चित्रं काढायची. शेवटच्या दिवसांत तिच्या हाताला रेघही धरवत नव्हती, आणि तिच्या प्रत्येक कागदावर बाई बरोबरची खूण करत होत्या. बाईंना वाटलं होतं, कुणाच्या लक्षात येत नाही.

"आम्हाला सगळ्यांना माहितीये," मुलगी म्हणाली. "बाई चूक द्यायचं थांबल्या की मग ते मूल…" तिने पाय टांगलेल्या मुलाकडे बघितलं. तो आपल्या चादरीच्या कडेकडे बघत होता. "मी त्या छोटीसारखी आहे का? खरं सांगा. डॉक्टरांनी तुम्हाला काही सांगितलंय?"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्या उठल्या, खाटेपाशी आल्या आणि मुलीसमोर बसल्या.

"नाही. तू तशी नाहीस. डॉक्टरांनी मला काहीही वेगळं सांगितलेलं नाही. तू बरी होते आहेस. मला तुला घरी बसलेली बघवणार नव्हतं, म्हणून मी खूण केली. मी चुकले."

मुलीने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघून घेतलं. साक्षीदार खरं बोलतोय की नाही, हे जोखावं तसं. मग तिने पेपर पुढे केला.

"मग खोडा."

"विचार कर."

"केला. खोडा. दोन्हीकडचं. ते शेवटचं पण चुकलंय, मला दिसतंय."

बाईंनी खोडलं. फुल्या मारल्या. पास खोडून खाली नापास लिहिलं. मुलगी ते बघत होती, आणि बघता बघता तिचा गोल चेहरा वाकडा झाला आणि ती हमसून हमसून रडली. मावशींनी बाईंकडे असं बघितलं की जणू त्यांनी लेकराच्या थोबाडीत मारली आहे. बाई तिथेच बसून राहिल्या. रडू थांबवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

मग मुलीने चादरीला नाक पुसलं.

"बाई, नापास झालेली मुलं कुठे बसतात?"

"त्याच वर्गात. पुन्हा."

"घरी नाही?"

"घरी कशाला? नापास झालं म्हणून कुणी घरी बसवत नाही."

"मग मला का?"

बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात हळूहळू काहीतरी जमत होतं, जे वॉर्डाने फार क्वचित पाहिलं होतं.

"वकीलबाई," त्या म्हणाल्या, "हे मला नको विचारूस. तुझ्या सरांना विचारू."

मुलगी घरी गेल्यावर डॉक्टरच्या परवानगीने ती, तिचे वडील आणि बाई अशी तिघं शाळेत गेली. मुख्याध्यापकांचं ऑफिस तळमजल्यावर होतं. कपाटावर ढाली, टेबलावर काच, काचेखाली वेळापत्रक. सर दमलेले, पण भले गृहस्थ होते. त्यांनी मुलीची चौकशी केली, तिच्या वडिलांना खुर्ची दिली, निकाल वाचला आणि हळहळ वाटल्यासारखी मान हलवली.

"बघा, तिच्यावर ताण नको असंच मी म्हणत होतो. बाळ, तू वर्षभर मस्त आराम कर. पुस्तकं वाच. पुढच्या वर्षी बघू."

"सर," मुलगी म्हणाली, "आमच्या वर्गात तो गोलकीपर आहे ना, तो मागच्या वर्षी नापास झाला होता."

"अं? हो."

"तो कुठे बसला?"

"पाचवीतच. पण त्याची गोष्ट वेगळी."

"वेगळी का? तो खेळून नापास झाला, मी झोपून झाले. मार्क तर त्याचे माझ्याहून कमी होते."

वडिलांनी तिचा दंड दाबला. "हळू बोल." बाई गप्प बसून होत्या. वर्गात एखादं मूल फळ्यापाशी उभं असलं की बसत, तशा.

सर अडचणीत आल्यासारखे हसले. "बाई, तुम्हीच सांगा. माझ्याकडे किती मुलं आहेत. उद्या वर्गात काही झालं तर? शिक्षकांनी काय करायचं? पालक मलाच धरतात."

"तिचं बोलून व्हायचंय अजून," बाई म्हणाल्या.

"मला एवढंच विचारायचंय," मुलगी म्हणाली. "मी आजारी म्हणून नापास झाले नाही. गणित चुकलं म्हणून झाले. बाईंनी तसं लिहूनच दिलंय. मग नापास मुलं…"

ती थांबली. नजर कपाटावरच्या ढालींवर गेली आणि तिथेच अडकली. उजव्या हाताची बोटं फ्रॉकचं बटण चाचपू लागली. ओठ चघळल्यासारखे हलू लागले.

सर उठले. खुर्ची मागे पडली. "पाणी! कुणीतरी पाणी आणा! तिला धरा…"

"आत्ता पाणी नको," वडील म्हणाले. त्यांचा आवाज मघापेक्षा शांत होता. त्यांनी टेबलावरचा काचेचा पेपरवेट दूर सरकवला आणि मुलीच्या पाठीमागे हात ठेवला, न दाबता.

"बसा, सर," बाई म्हणाल्या. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं होतं. "तिच्या तोंडात काही घालायचं नाही, तिला घट्ट धरायचं नाही. लागेल असं काही जवळ ठेवायचं नाही. पडली तर कुशीवर वळवायचं. वेळ बघायची. पाच मिनिटांच्या वर गेलं तर ॲम्ब्युलन्स बोलवायची. एवढंच असतं." मग त्या मुलीकडे वळून, रोजच्या आवाजात म्हणाल्या, "आम्ही इथेच आहोत हं."

बाहेर मैदानावर कुणीतरी शिट्टी वाजवत होतं. बोटं हळूहळू थांबली. मुलीने डोळे मिटले, उघडले, वडिलांकडे बघितलं, आणि ओळख पटायला तिला वेळ लागला. मग तिने डोकं त्यांच्या खांद्यावर टाकलं. सरांनी पडलेली खुर्ची उचलली, पण ते बसले नाहीत. बऱ्याच वेळाने मुलीने पाणी मागितलं. सरांनी स्वतः ओतून दिलं. ग्लास काचेवर किणकिणला.

ती पाणी प्यायली, मग तिने पालथ्या हाताने तोंड पुसलं आणि बाईंकडे बघितलं.

"मी कुठपर्यंत आले होते?"

"'मग नापास मुलं' इथवर," बाई म्हणाल्या.

"हां." जीभ अजून जड होती. शब्द एकेक करून येत होते. "मग नापास मुलं कुठे बसतात, सर?"

सर तिच्याकडे बघत राहिले. मग खुर्चीत बसले.

"मागच्या बाकावर," ते म्हणाले. "उंच असतात म्हणून." आणि थोड्या वेळाने बाईंना, "मी घाबरलो होतो हो. खोटं कशाला सांगू? माझे शिक्षकही घाबरतील."

"घाबरणारच. मीही पहिल्यांदा घाबरले होते. त्यांना सगळ्यांना एका दुपारी बसवा, मी येते. आणि तिच्या नव्या वर्गालाही. मोठ्यांच्या आधी त्यांना शिकवू. ती लवकर शिकतात."

सरांनी काचेखालचं वेळापत्रक बघितलं आणि एक दुपार सांगितली.

त्या दुपारी बाईंनी तिच्या नव्या वर्गातल्या लहान मुलांसमोर फळ्यावर गुडघा काढला. तोही बटाट्यासारखाच आला. राखणदारांची गोष्ट सांगितली. घरी न गेलेल्या, आपल्याच घरात गोंधळ घालणाऱ्या. मुलांनी विचारलं, ते चावतात का. विचारलं, ती फिट आम्हाला लागेल का. "नाही लागत. शेजारी बसून लागत नाही, डबा वाटून खाल्ला तरी लागत नाही," बाई म्हणाल्या. एकाने विचारलं, त्या ताईला दुखतं का. बाई म्हणाल्या, "हे तिलाच विचारा. तिला बोलायला आवडतं." शिक्षक मागे उभे राहून ऐकत होते. दोघांनी निघताना पुन्हा विचारून खात्री करून घेतली, की तोंडात खरंच काही घालायचं नाही ना.

शाळा सुरू झाली त्या सकाळी बाई हॉस्पिटलात जायच्या आधी तिकडून गेल्या. त्या आत गेल्या नाहीत. फाटकापाशी पालकांच्या गर्दीत उभ्या राहिल्या. मुलीचा चेहरा अजून गोलच होता. तिने वडिलांचं बोट फाटकातच सोडून दिलं होतं.

घंटा झाली. सहावीची रांग जिन्याकडे वळली. त्या दोन मैत्रिणी रांगेत होत्या. जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्या थांबल्या, मागची मुलं त्यांना ढकलू लागली.

"मधल्या सुट्टीत वर ये हं," एक ओरडली. "तुझी खिडकीची जागा आम्ही…"

"बघते," मुलगी म्हणाली. "आमच्या वर्गाचं काही नसलं तर येईन."

मैत्रिणी वर गेल्या. पायांचा आवाज जिन्यात बराच वेळ ऐकू येत होता. मुलगी तळमजल्यावरच्या वर्गात शिरली. बाकीची मुलं तिच्या खांद्याला लागत होती. ती मधून वाट काढत शेवटच्या बाकापर्यंत गेली. तिथे एक मुलगा आधीच ऐसपैस बसला होता.

"सरक," ती म्हणाली.

तो सरकला. तिने दप्तर बाकाखाली ठेवायला मान खाली घातली, आणि दप्तर ठेवायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ ती तशीच वाकून राहिली. मग सरळ बसली, केस मागे सारले आणि फळ्याकडे बघू लागली.